नैवेद्याचे मोदक आणि पुरण चाखल्याशिवाय कसं जमवायचं?

प्रश्न थोडक्यात असा: घरी पहिल्यांदाच गणपती बसवायचा आहे, पाठोपाठ गौरीही येणार आहेत. मोदक वाफवताना फुटतात, सारणाला पाणी सुटतं, उरलेले मोदक संध्याकाळपर्यंत कडक होतात. पुरण एकदा सैल पडतं, तर पुढच्या वेळी कोरडं. त्यात नैवेद्याचं चाखायचं नाही, मग चूक कळणार कशी आणि सुधारणार कधी?

चाखायचं नाही म्हणून घाबरू नका. या पदार्थांत बिघडतं ते बहुतेक वेळा चवीत नाही, ओलाव्यात बिघडतं, आणि ओलावा जिभेपेक्षा बोटांना चांगला कळतो. चवीचं म्हणाल तर ती मापात आणि जिन्नसांत असते. जिन्नस तुम्ही आधी कितीही पारखू शकता. म्हणून माझं सांगणं एवढंच की चाखायचं ते चतुर्थीच्या आधी चाखून घ्या आणि चतुर्थीला फक्त मापाने आणि हाताने काम करा.

खाली वाटी म्हणजे २०० मिलिलिटरची. या वाटीत मोदकाची पिठी साधारण १२५ ग्रॅम बसते, बारीक चिरलेला गूळ १५० ग्रॅम आणि न दाबता भरलेला ओला नारळ ८० ग्रॅमच्या आसपास. तुमची वाटी वेगळी असली तरी हरकत नाही, मात्र सगळ्याला तीच एक वाटी वापरा.

आधी गूळ. दुकानातच खडा तोंडात टाकून बघा. काही गूळ खारट असतो आणि तो खारटपणा सारणात झाकला जात नाही. साधा पिवळसर तपकिरी गूळ घ्या, चिक्कीचा गूळ नको. तो गार झाला की ताठ होतो आणि सारणाचे खडे होतात. नारळ हलवून पाणी वाजतंय का बघा, डोळ्यांकडची बाजू ओली किंवा बुरसटलेली असेल तर तो बाजूला ठेवा. फोडताना प्रत्येक नारळ वेगळ्या भांड्यात फोडा आणि पाण्याचा वास घ्या. आंबूस वास आला तर खोबरं पांढरंशुभ्र दिसत असलं तरी ते वापरू नका. एका खवट नारळाने दुसरा चांगला नारळही वाया जातो. खवताना पाठीची तपकिरी साल येऊ देऊ नका, तिने सारण चरचरीत लागतं.

आता पिठी. मोदकाचं निम्मं यश इथेच ठरतं. आंबेमोहोर सगळ्यांत चांगला, कारण तो चिकट आणि सुवासिक दोन्ही आहे. इंद्रायणीही चालतो, पण तो जास्त चिकट असल्याने त्याची उकड (उकळत्या पाण्यात शिजवलेली पिठी) हाताला लागते. इंद्रायणीचे तीन भाग आणि बासमती तुकड्याचा एक भाग असं मिश्रण केलं तर पारी, म्हणजे मोदकाचं बाहेरचं आवरण, आवरते. नुसता जुना बासमती किंवा कोलम नको. तांदळातल्या स्टार्चमध्ये अमायलोज जितकं जास्त, तितका भात मोकळा होतो आणि गार झाल्यावर कडक होतो. भाताला जो गुण, तोच मोदकाला दोष. तांदूळ दोन-तीन पाण्यांनी धुवा, निथळा, सुती कापडावर सावलीत पूर्ण वाळवा आणि अगदी बारीक दळून मैद्याच्या चाळणीने चाळा. उन्हात वाळवलेला तांदूळ फार सुकतो, दाण्याला चिरा पडतात. अर्धवट ओला राहिलेला तांदूळ दळला तर पिठी डब्यात दोन दिवसांत आंबूस होते. विकतची मोदक पिठी वापरायला काहीच हरकत नाही, फक्त भाकरीसाठी दळलेलं तांदळाचं पीठ आणू नका. ते जाडसर असतं आणि त्याची पारी कळ्या पाडताना कातरल्यासारखी तुटते.

पिठीची परीक्षा दोन दिवस आधी करा. अर्धी वाटी पाणी, अर्धी वाटी पिठी, चिमूटभर मीठ घेऊन उकड काढा (कृती खाली आहे), मळा, दोन पाऱ्या करा. एकीची नुसती घडी घालून बघा, दुसरी गोळा करून दहा मिनिटं वाफवा. घडीवर चीर पडली तर ही पिठी जास्त पाणी मागते, वाटीमागे दीड-दोन मोठे चमचे पाणी वाढवा. पारी तळहाताला चिकटून लोंबली तर तेवढंच कमी करा. वाफवलेला गोळा चाखा, हा नैवेद्याचा नाही. ठरलेलं प्रमाण कागदावर लिहून डब्यात ठेवा. नवा तांदूळ पाणी कमी घेतो, जुना जास्त, त्यामुळे मागच्या वर्षीचं प्रमाण यंदा जसंच्या तसं लागू पडेलच असं नाही. पाककृतीत ‘पाणी अंदाजे’ लिहिलेलं असतं ते यासाठीच. अंदाज हा घरातल्या पिठीचा असतो, पुस्तकातून तो मिळत नाही.

एकवीस मोदकांसाठी खवलेला नारळ तीन वाट्या, म्हणजे मध्यम आकाराचे दीड ते दोन नारळ, आणि चिरलेला गूळ दीड वाटी. खसखस दोन चहाचे चमचे, कोरडी भाजून. सात-आठ वेलदोड्यांची पूड, जायफळ दोन-चार वेळा किसणीवर ओढलं की पुरे. एक चमचा साजूक तूप. नारळ दोन भाग आणि गूळ एक भाग हे माप वाटीने घेतलेलं आहे. वजनाने बघितलं तर दोन्ही जवळपास सारखे भरतात, तेव्हा वजनकाट्यावर दोनास एक घेऊ नका, सारण फिकं होईल.

जाड बुडाच्या कढईत तूप, नारळ, गूळ एकत्र करून मध्यम आंचेवर ठेवा. गूळ वितळला की सगळं पातळ दिसतं, ते साहजिक आहे. सात ते दहा मिनिटं हलवत राहा. आधी कडेने बुडबुडे दिसतात, मग पाणी आटून मिश्रण उलथण्याबरोबर एकत्र फिरायला लागतं. थांबायची खूण अशी: उलथण्याने सारण कढईच्या एका बाजूला सारा आणि कढई तिरकी धरा. मोकळ्या जागेत पाक ओघळत आला तर अजून दोन मिनिटं ठेवा. नुसती ओलसर चकाकी दिसली तर लगेच उतरवा. गार झाल्यावर ते आणखी आळतं, म्हणून कढईतच पूर्ण कोरडं करायचं नसतं. फार परतलेल्या सारणात गुळाचा पाक पक्का होतो, दाणे कडक होतात आणि तेच दाणे पारीला आतून टोचून भोक पाडतात. खसखस, वेलची, जायफळ आच बंद केल्यावर घाला, म्हणजे वास टिकतो. मग सारण ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्या. घाईत कोमट सारण भरलं तर पारी आतून ओली होऊन बूड सुटतं. गार झाल्यावरही बोटात दाबून रस निघाला तर चमचाभर भाजलेली पिठी मिसळा. कच्ची पिठी नको, तिचा कचवटपणा सारणात राहतो.

सारण आदल्या रात्री करून ठेवण्याचा मोह होतो. भाद्रपदातल्या दमट हवेत ओला नारळ फार लवकर आंबतो आणि बऱ्याच घरांत आदल्या दिवशीचं नैवेद्याला चालत नाही. सगळं मिळून अर्ध्या तासाचं काम आहे, सकाळीच करा. नारळ फोडून पारखणं मात्र आदल्या संध्याकाळी करायला हरकत नाही.

उकडीला दोन वाट्या पिठी, दोन वाट्या पाणी (किंवा परीक्षेत ठरलं तेवढं), पाव चहाचा चमचा मीठ, एक चहाचा चमचा तूप किंवा लोणी. नैवेद्यात मीठ अजिबात नको असा ज्या घरी नेम आहे तिथे ते गाळा, उकड बिघडत नाही, थोडी सपक लागते इतकंच. पाण्यातलं चार-पाच चमचे कमी करून तितकं दूध घातलं तर पारी पांढरी आणि मऊ राहते, पण दूध जास्त झालं की बुडाला लागतं.

पाणी खळखळून उकळू द्या. नुसती वाफ दिसायला लागलेलं पाणी पुरत नाही. तांदळाचं स्टार्च साधारण ७० अंश सेल्सिअसच्या पुढे फुगून चिकट होतं आणि गार पिठी पडली की पाणी झटकन थंड होतं. उकळी कमी असेल तर निम्मी पिठी कच्चीच राहते, मग ती कितीही मळली तरी चिरा पडतात. आंच कमी करा, सगळी पिठी एकदम घाला, उलथण्याच्या दांड्याने किंवा लाटण्याच्या टोकाने भराभर ढवळा. गुठळ्या दिसतील, दिसू द्यात. झाकण ठेवून मंद आंचेवर दोन-तीन मिनिटं वाफ येऊ द्या, मग गॅस बंद करून झाकण न उघडता आणखी दहा मिनिटं. ही शेवटची दहा मिनिटं पुष्कळ जण गाळतात. पिठीच्या कोरड्या गाभ्यात पाणी शिरतं ते याच वेळात.

उकड परातीत काढा. हाताला सोसत नाही तोवर वाटीच्या किंवा पेल्याच्या बुडाला तेल लावून रगडा, मग पाण्याचा हात आणि मध्येच तेलाचा हात लावत किमान पाच-सात मिनिटं मळा. गरमच मळायची असते, गार उकडीच्या गुठळ्या मोडत नाहीत. गोळा गुळगुळीत झाला, दोन बोटांत दाबून त्याची कड चिरली नाही, की झालं. ओला पंचा पिळून त्यावर झाका. मळून झालेली उकड उघडी राहिली तर पाच मिनिटांत वर साय धरल्यासारखा कोरडा पापुद्रा येतो आणि तोच पुढे कळीवर तडा होऊन दिसतो. एका वेळी चार-पाच मोदकांपुरतीच उकड बाहेर काढा आणि प्रत्येक वेळी पुन्हा मळून घ्या.

गोव्याकडे आणि दक्षिण कोकणात अनेक घरी पिठी न करता तांदूळ भिजवून गंधासारखे वाटतात आणि ते वाटण कढईत ढवळत गोळा होईपर्यंत शिजवतात. ती उकड जास्त मऊ लागते. हलवायला दमदार हात हवा आणि पाण्याचा अंदाज पक्का हवा, पहिल्याच वर्षी मी तो मार्ग सुचवणार नाही.

पारीसाठी लहान लिंबाएवढा, २७-२८ ग्रॅमचा गोळा घ्या. अंगठे आत आणि बोटं बाहेर धरून फिरवत खोलगट वाटी करा. कडा पातळ, बूड किंचित जाड. नवशिक्यांचं उलट होतं: अंगठ्याने बूड दाबत राहतात, ते कागदासारखं होतं, आणि कडा जाड राहिल्याने कळ्या बोजड दिसतात. कळ्या पाडताना अंगठा आणि पहिली दोन बोटं पाण्यात बुडवा, तेल लावू नका. तेल लागलेल्या कळ्या वर एकमेकींना चिकटत नाहीत आणि वाफेवर मोदकाचं तोंड उघडतं. कळी कडेपासून जवळजवळ बुडापर्यंत ओढायची, नुसतं वरचं टोक चिमटायचं नाही. सुरुवातीला नऊ-अकरा कळ्या पुरेत. हात बसला की एकवीसही पडतात, पण जास्त कळ्यांच्या हौसेत पारी चुरगळण्यापेक्षा नऊ नीट पडलेल्या चांगल्या दिसतात. सारण कळ्या पाडून झाल्यावर भरलं तर सोपं जातं: साधारण २० ग्रॅम, पारीच्या तीन चतुर्थांश उंचीपर्यंत. मग मोदक डाव्या तळहातावर ठेवून फिरवत उजव्या बोटांनी कळ्या हळूहळू एकत्र आणा आणि वर नाक काढा. जास्तीची उकड उगाच वर दाबून बसवू नका, चिमटून काढून टाका. जाड नाक आतून कच्चं राहतं.

साचा वापरला तर देवाला काही कमी पडत नाही. मात्र साच्यातल्या मोदकाची पारी एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ होण्याचा संभव असतो. साच्याला तूप लावा, उकड बोटाने चारही बाजूंना सारखी पसरवा, आणि सारण भरल्यावर बूड बंद करायला विसरू नका.

मोदकपात्रात पाणी चाळणीच्या दोन बोटं खाली असावं. उकळताना ते चाळणीला लागलं तर खालच्या मोदकांची बुडं विरघळतात. चाळणीवर हळदीचं पान, नसेल तर केळीचं पान किंवा ओलं मलमल. हळदीच्या पानाचा वास मोदकात उतरतो आणि गणपतीच्या दिवसांत ते बाजारात सहज मिळतं, तेव्हा ते टाळू नका. झाकणाला आतून फडकं बांधा, म्हणजे वाफेचे थेंब नाकावर पडून मोदक चिकट होणार नाहीत. प्रत्येक मोदक ठेवण्याआधी एकदा पाण्यात बुडवून काढा. पारीचा वाळलेला वरचा थर त्याने ओला होतो, तडे जात नाहीत आणि चकाकी येते. दोन मोदकांमध्ये बोटभर जागा सोडा. पाणी उकळत असतानाच चाळणी ठेवायची आणि तिथून दहा ते बारा मिनिटं. ओलं बोट लावून बघा: चिकटलं नाही, पारी किंचित पारदर्शक आणि चकचकीत दिसली, की झाले. पंधरा मिनिटांच्या पुढे गूळ आत उकळायला लागतो, तो वाट काढतोच. गॅस बंद करून झाकण काढा, दोन-तीन मिनिटं थांबा, मग ओल्या हाताने बुडाखाली बोटं घालून उचला. नाकाला धरून उचलाल तर नाक हातात आणि मोदक चाळणीवर राहील.

फुटलेल्या मोदकाकडे बघून कारण ओळखता येतं, म्हणून फुटला की चरफडत बसू नका, आधी तो नीट बघा. दोन कळ्यांमध्ये उभी चीर असेल तर कळी ओढताना मधली जागा पातळ झाली आहे. बूड सुटलं असेल तर सारण ओलं किंवा कोमट होतं, नाहीतर अंगठ्याने बूड पातळ झालं. तोंड उघडलं तर बोटाला तेल होतं किंवा कडा वाळल्या होत्या. अंगभर बारीक तडे म्हणजे उकड कोरडी, किंवा झाकून न ठेवलेली. आणि मोदक न फुटता नुसता बसला, कळ्या विरून गेल्या, तर उकडीत पाणी जास्त झालं. शेवटच्या दोषावर उपाय त्याच वेळी करता येतो: राहिलेली उकड परत कढईत मंद आंचेवर दोन-तीन मिनिटं फिरवा, वाफ उडू द्या, पुन्हा मळा. कोरड्या उकडीला गरम पाण्याचा हात लावून मळा, गार पाण्याचा नको. पहिल्या घाण्यात दोनच मोदक वाफवून बघितले तर पुढचे एकोणीस वाचतात. उकड म्हणूनच एकवीसापेक्षा दोन-तीन मोदकांची जास्त काढा, नैवेद्याला अखंड एकवीस वेगळे निघायला हवेत.

वेळेचं गणित असं मांडा. गणपतीची पूजा मध्यान्हीची असते, म्हणजे नैवेद्य बाराच्या सुमाराला लागतो. नऊला सारण, दहाला उकड, साडेदहाला कळ्या, साडेअकराला शेवटचा घाणा. झालेले मोदक पात्रातच, गॅस बंद करून, फडकं बांधलेलं झाकण किंचित तिरकं ठेवून ठेवा. ताटात उघडे ठेवले तर अर्ध्या तासात पारी ताठ होते. संध्याकाळी मोदक कडक होण्याचं कारणही हेच: शिजून फुगलेलं स्टार्च गार होताना पुन्हा घट्ट बसतं, आणि फ्रिजच्या थंडाव्यात ते सगळ्यांत वेगाने बसतं. फ्रिजमध्ये ठेवू नका. त्याच दिवशी संपवा, आणि खाण्यापूर्वी चार-पाच मिनिटं वाफ द्या, पहिल्यासारखा मऊ होतो. नैवेद्य दाखवताना वर साजूक तूप हवंच. गणपतीच्या नैवेद्यावर तुळशीऐवजी दूर्वा ठेवण्याची पद्धत आहे आणि अनेक घरी नैवेद्याच्या पानात वेगळं मीठ वाढत नाहीत. हे तुमच्या घरच्या मोठ्यांना विचारून ठरवा.

उरलेल्या उकडीच्या निवगऱ्या करा. हिरवी मिरची, जिरं, कोथिंबीर, मीठ घालून मळायचं, चपटे गोल करून दहा मिनिटं वाफवायचं. इतक्या गोडानंतर त्या तिखट निवगऱ्या आणि वर कच्चं तेल किंवा तूप, याला तोड नाही.

घाटावर पुष्कळ ठिकाणी तळणीचे मोदक करतात आणि ज्यांना दुसऱ्या दिवशी कामावर जायचं आहे त्यांनी तेच करावेत, चार-पाच दिवस टिकतात. एक वाटी बारीक रवा, एक वाटी मैदा किंवा कणीक, तीन मोठे चमचे कडकडीत तुपाचं मोहन, दुधात घट्ट भिजवून तासभर ठेवा. आत दोन वाट्या भाजलेलं सुकं खोबरं, एक वाटी पिठीसाखर, खसखस, खारकेची पूड, वेलची. इथे ओला नारळ अजिबात घालू नका, तळताना पारी फुटून सारण तेलात उतरतं आणि अख्खी कढई काळी होते. मध्यमपेक्षा कमी आंचेवर तळा. तेल फार तापलं की मोदकावर फोड येतात आणि आतली पारी कच्ची राहून दुसऱ्या दिवशी मऊ पडते.

आता गौरी. आवाहन अनुराधा नक्षत्रावर, पूजन ज्येष्ठावर, विसर्जन मूळावर. आल्या दिवशी भाजी-भाकरी, पूजनाला पुरणाचा नैवेद्य, अशी घाटावरची साधारण रीत. कोकणात कित्येक घरी घावन-घाटलं असतं. पुरणाचाच प्रश्न विचारला आहे म्हणून तेच नीट सांगते.

अर्धा किलो हरभरा डाळ, अर्धा किलो गूळ. बेताचं गोड हवं असेल तर गूळ ४०० ग्रॅम, त्याखाली नको, कारण गूळ कमी झाला की पुरण पिठूळ लागतं. यात वीस-बावीस पोळ्या होतात. डाळ तीन-चार तास भिजवा, तिप्पट पाण्यात चमचाभर तेल आणि चिमूट हळद घालून शिजवा. तेलाने फेस वर येत नाही. इथे एक गोष्ट न चुकता करायची: गूळ घालण्याआधी डाळ बोटात दाबून बघायची. दोन बोटांत दाबल्यावर तिचं पीठ व्हायला हवं, मध्ये कणी लागता कामा नये. गूळ पडला की डाळ पुढे शिजत नाही, कितीही वेळ ठेवा. पुरणात दाताखाली येणारी कणी ही नेहमी इथली चूक असते. बोटाने तपासायचं असल्याने चाखण्याचा प्रश्नच येत नाही.

डाळ चाळणीत दहा मिनिटं निथळा आणि खालचा कट कटाच्या आमटीला ठेवा. सैल पुरणाचं पहिलं कारण न निथळलेली डाळ. मग डाळ आणि गूळ जाड कढईत मध्यम आंचेवर. गूळ सुटून सगळं पातळ होईल, वीस-पंचवीस मिनिटं हलवत राहा. आवाज ऐकत राहा: आधी बारीक खळखळ, मग रटरट करत शिंतोडे उडतात (तेव्हा लांब दांड्याचं उलथणं घ्या), मग आवाज दबतो. उलथणं मधोमध उभं करा. ते पडलं नाही, की पुरण झालं. वेलची, जायफळ आणि आवडत असेल तर चिमूट सुंठ घालून गरम असतानाच पुरणयंत्रातून काढा. गार झालेलं पुरण यंत्रात अडकतं आणि जाडसर उतरतं. वाटल्यावर सैल वाटलं तर परत कढईत घालून पाच मिनिटं आटवा, बेसन किंवा पीठ मिसळून घट्ट करू नका. कोरडं भुरभुरीत झालं तर गरम दुधाचे एक-दोन चमचे शिंपडून मळा.

पोळी फुटते ती पुरण आणि कणीक यांचा मऊपणा जुळत नाही म्हणून. ३७५ ग्रॅम कणकेत (थोडा मैदा मिसळलात तरी चालेल) चिमूट मीठ, चार मोठे चमचे तेल घालून रोजच्या पोळीपेक्षा बरीच सैल भिजवा, वर तेल सोडून दोन तास ठेवा, आणि लाटण्याआधी पुन्हा चांगली तिंबा. बोट रोवलं तर कणीक आणि पुरण दोन्हींना सारखाच दाब लागला पाहिजे. पुरण घट्ट आणि कणीक सैल असेल तर पुरण मध्येच राहतं आणि कडा रिकाम्या लाटल्या जातात. कणीक घट्ट असेल तर पुरण तिला फाडून बाहेर येतं. कणकेचा गोळा एक भाग, पुरण दोन भाग. तांदळाच्या पिठीवर, लाटण्याचा दाब कडेकडे ठेवून, हलक्या हाताने लाटा. तवा मध्यम तापलेला असावा, पोळी एकदाच किंवा फार तर दोनदा उलटा आणि तूप तव्यावरून उतरवताना सोडा.

हळदीची पानं घरात आली आहेत तर गौरींना पातोळ्याही करा. कोकण-गोव्यात त्या नागपंचमीलाही होतात. दोन वाट्या तांदूळ चार तास भिजवून अगदी कमी पाण्यात वाटा, चिमूट मीठ. वाटण बोटाने पसरता यावं, पान तिरकं केलं तर ओघळू नये. पानाची मागची जाड शीर सुरीने तासून घ्या, नाहीतर घडी घालताना पान फाटतं. वाटण पातळ पसरा, मध्ये मोदकाचंच सारण एका ओळीत घाला, पान दुमडा, पंधरा मिनिटं वाफवा. पान सहज सुटून आलं की पातोळी झाली, चिकटून राहिलं तर आणखी तीन-चार मिनिटं द्या.

राहिली रोजच्या आरतीची खिरापत. सुकं खोबरं, खारीक, खसखस, खडीसाखर आणि खिसमिस, हे पंचखाद्य. दोन वाट्या किसलेलं खोबरं असेल तर पाव वाटी खसखस, अर्धी वाटी खारकेची पूड, पाऊण वाटी कुटलेली खडीसाखर आणि मूठभर खिसमिस. खोबऱ्याची वाटी घेताना आतून तेलकट पिवळी नको, वासाने लगेच कळतं. खोबरं मंद आंचेवर फिकट बदामी, खसखस वेगळी, खारीक वेगळी भाजा. एकत्र भाजलं तर खसखस आधी करपते आणि कडवट लागते. सगळं पूर्ण गार झाल्यावर खडीसाखर मिसळा. गरम असताना मिसळलीत तर साखर पाझरून खिरापतीचा गोळा होतो. खिसमिस डब्यात भरू नका, तिच्या ओलाव्याने खोबरं मऊ पडतं. रोज आरतीच्या आधी लागेल तेवढीच वाटीत काढून वर घाला, म्हणजे अनंत चतुर्दशीपर्यंत डबा कोरडा राहतो.